स्कॉच नव्याने पिणाऱ्यांसाठी: आधी घोट, मग बाटली

नोकरीसाठी ग्लासगोला आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका दुकानात शिरलो आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणालो, "तुमच्याकडची सगळ्यात चांगली सिंगल माल्ट द्या." त्याने मनापासून, त्याच्या मते उत्तम अशी बाटली दिली: आयला बेटावरची, भरपूर धुराची, ५७ टक्के अल्कोहोलची. घरी येऊन सांगलीच्या सवयीने मोठा पेग भरला आणि वर फ्रीजमधलं गार पाणी ओतलं. पहिल्याच घोटाला दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीचा वास आला. टिंक्चर आयोडीन, बँडेज आणि जळकं काहीतरी. ग्लास बेसिनमध्ये ओतून दिला. बाटली दीड वर्ष कपाटात पडून राहिली.

आज तीच व्हिस्की माझ्या आवडत्या दोन-तीनांत आहे. बाटलीत खोट नव्हती, माझा क्रम चुकला होता. त्यानंतरच्या सहा वर्षांत जो क्रम मला उमगला, तो इथे मांडतो आहे.

जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. औषधं चालू असतील, यकृताची तक्रार असेल, पोटात बाळ असेल, तर यातलं काहीच करू नका. ज्यांनी स्कॉच पिऊन पाहायचं ठरवलंच आहे, त्यांचे पैसे आणि जीभ दोन्ही वाचावेत एवढीच इच्छा आहे.

१. लेबल वाचायला शिका

स्कॉच कशाला म्हणायचं हे २००९ च्या ब्रिटिश नियमांनी पक्कं केलं आहे. धान्यापासून स्कॉटलंडमध्येच गाळलेली, ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षं मुरलेली आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल सोडून तिच्यात काहीही मिसळता येत नाही. त्यामुळे गडद रंग बघून "ही जास्त मुरलेली" असा अंदाज बांधू नका.

आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल असतं. मी ऊसपट्ट्यातला आहे, मळीच्या टाकीचा तो उग्र गोड वास मला लांबूनही ओळखता येतो. मुद्दा असा की तिथला कच्चा मालच वेगळा, म्हणून त्या चवीची फूटपट्टी स्कॉचला लावू नका.

लेबलवरचे तीन शब्द कळले की निम्मं काम झालं.

*सिंगल माल्ट* म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या मोठ्या भांड्यांत गाळलेली. "सिंगल" हा शब्द डिस्टिलरीला लागू आहे, पिंपाला नाही. एका बाटलीत शेकडो पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असू शकते.

*ब्लेंडेड स्कॉच* म्हणजे माल्ट आणि ग्रेन यांचं मिश्रण. ग्रेन व्हिस्की बहुधा गहू किंवा मक्यापासून, उंच स्तंभात अखंड प्रक्रियेने बनते, चवीला हलकी. ब्लॅक लेबल, शिवास, टीचर्स ही सगळी ब्लेंडेड. ब्लेंडेड म्हणजे कमअस्सल, असं आपल्याकडे फार ऐकू येतं. ते चूक आहे. अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कींतून दरवर्षी तीच चव साधणं हे मोठं कसब आहे.

*ब्लेंडेड माल्ट* म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्ट एकत्र, ग्रेन अजिबात नाही. मंकी शोल्डर हे याचं सहज मिळणारं उदाहरण.

वयाचा आकडा मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. १२ लिहिलं असेल तर आतला थेंबन् थेंब किमान १२ वर्षांचा. इथेच नवे लोक हमखास फसतात: १८ म्हणजे १२ पेक्षा चांगली, असं समजून दुप्पट पैसे मोजतात. जास्त वर्षं म्हणजे लाकडाचा जास्त अंमल, एवढंच. कोवळी, जोरकस चव आवडणाऱ्याला १८ वर्षांची मिळमिळीत वाटू शकते. हा आकडा दोन देशांत तुलनेलाही चालत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या किंवा बंगळुरूच्या उन्हात तो वाटा कितीतरी मोठा असतो आणि व्हिस्कीही लवकर मुरते. म्हणून भारतीय सिंगल माल्ट कमी वर्षांतच तयार होतात.

२. चव कुठून येते ते समजून घ्या

नाचणीचं सत्त्व घरी केलं असेल तर माल्ट म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगायला नको. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. सातूचं तेच करतात. मोडामुळे आतल्या पिठाची साखर व्हायला सुरुवात होते आणि ती साखर पुढे यीस्ट आंबवतं.

धुराची गोष्ट वाळवण्याच्या टप्प्यावर घडते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. आयलासारख्या झाडं कमी असलेल्या बेटावर तेच चुलीचं सरपण होतं. त्याच्या धुरावर ओले मोड वाळवले की तो धूर दाण्यात बसतो आणि गाळल्यावरही जात नाही. लाफ्रॉइग आणि बोमोर या डिस्टिलऱ्या आजही आपल्या गरजेचे थोडे मोड स्वतःच्या फरशीवर पसरून तयार करतात. बाकी बहुतेक ठिकाणी मोड बाहेरच्या कारखान्यातून येतात.

उरलेली चव बरीचशी पिंपाची. अमेरिकी कायद्याप्रमाणे बोर्बन, म्हणजे तिकडची मुख्यतः मक्याची व्हिस्की, नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बोर्बनसाठी पुन्हा चालत नाही. ती पिंपं स्कॉटलंडला येतात आणि व्हिस्कीला व्हॅनिला, नारळ, मध अशी चव देतात. स्पेनमधल्या शेरी वाइनच्या पिंपातून मनुका, खजूर, लवंग येते.

तर तीन घराणी लक्षात ठेवा: बोर्बन पिंपाची, शेरी पिंपाची आणि धुराची. स्पेसाइड, हायलँड, लोलँड, आयला, कॅम्पबेलटाउन हे पाच अधिकृत प्रदेश आहेत खरे, पण सुरुवातीला प्रदेशांपेक्षा ही तीन घराणी जास्त उपयोगी पडतात. स्पेसाइडमध्ये धुराची व्हिस्कीही बनते आणि आयलावर बिनधुराचीही.

३. नावं मोठ्याने म्हणून बघा

उच्चाराच्या संकोचाने कित्येकजण हव्या त्या व्हिस्कीकडे बोट दाखवत नाहीत आणि ओळखीचीच मागतात. मीही सहा महिने तेच केलं. स्पेलिंगवर जाऊ नका. आयला (स्पेलिंगमधला s उच्चारत नाहीत), ग्लेनमॉरंजी (जोर "मॉ"वर), लाफ्रॉइग, ब्रुकलॅडी, कल ईला, बुनाहाव्हन, ऑखनटॉशन. गेलिकमधला घशातला "ख" इंग्रजांना नीट जमत नाही. आपला "ख" त्याच्या बराच जवळ जातो. बारमधली माणसं चुकीच्या उच्चाराला हसत नाहीत, उलट दुरुस्त करून सांगतात.

४. बाटली घेऊ नका, आधी तीन ड्रॅम घ्या

ड्रॅम म्हणजे तिकडचं एक माप. पबमध्ये तो २५ किंवा ३५ मिलीचा असतो, पाटीवर लिहिलेलं असतं. चांगल्या व्हिस्कीबारमध्ये जाऊन तिन्ही घराण्यांतली एकेक चाखा, याच क्रमाने:

- बोर्बन पिंप: ग्लेनमॉरंजी ओरिजिनल
- शेरी पिंप: ग्लेनड्रॉनख १२
- धूर: बोमोर १२ किंवा टॅलिस्कर १०

क्रम उलटा केलात तर धुरामुळे नंतरच्या दोन्हींची चव कळणार नाही. २५ मिलीचे तीन ड्रॅम म्हणजे ७५ मिली, आपला सव्वा मोठा पेग. दोन तास तरी द्या, प्रत्येकानंतर ग्लासभर पाणी प्या आणि जाण्याआधी जेवून जा. कोणी सोबत असेल तर तीन ड्रॅम दोघांत वाटून घ्या, शिकायला तेवढे पुरतात.

स्कॉटिश पबमध्ये पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायची रीत आहे. पाचजणांच्या टोळक्यात सापडलात तर पाच ड्रॅम कधी झाले ते कळत नाही. "मी या फेऱ्यांत नाही, माझं मी मागवतो" असं सुरुवातीलाच सांगून टाका. कोणी वाईट वाटून घेत नाही.

बारपर्यंत जाणं जमत नसेल तर ५० मिलीच्या मिनिएचर बाटल्या घ्या. भारतात चार मित्र मिळून वेगवेगळ्या बाटल्या घेऊन एका संध्याकाळी एकत्र बसणं सगळ्यात परवडतं.

५. पहिला घोट: या टप्प्याला घाई नको

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. नसेल तर लहान वाइन ग्लास घ्या. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो.

२५-३० मिली ओता. ग्लास तिरका करून एकदा फिरवा. काचेवरून तेलकट ओघळ सावकाश उतरताना दिसतील. आता नाक जवळ न्या, पण आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे झोंबत नाही. पहिल्या खेपेला फक्त अल्कोहोल लागेल. ग्लास खाली ठेवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा घ्या. तिसऱ्या खेपेला काहीतरी उलगडतं.

ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला हे शिकवलं. मी बाटलीवरच्या वर्णनातले शब्द शोधत बसलो होतो: हेदर, मार्मालेड, ख्रिसमस केक. तो म्हणाला, "ते सोड. तुला कशाची आठवण येते ते सांग." मी डोळे मिटले आणि आजीचं माजघर आठवलं, कोपऱ्यात पोत्याखाली पिकत घातलेला केळीचा घड. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "बरोबर. केळंच आहे ते." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट मलाही जमणार आहे.

म्हणून एक वही करा आणि तुमच्या शब्दांत लिहा. काकवी, सुंठ, भिजवलेल्या मनुका, ओलं गोणपाट, बंबातली राख, भाजलेलं पीठ. हेदरचं फूल आपण हुंगलेलंच नाही, ते वहीत लिहून काय कळणार?

आता छोटा घोट घ्या. लगेच गिळू नका, जिभेवरून सगळीकडे फिरवा. पहिला घोट जाळतोच, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटापर्यंत जीभ तयार होते. गिळल्यावर श्वास नाकाने सोडा, मागे राहणारी चव तिथे कळते.

मग पाणी. साधं, खोलीच्या तापमानाचं, चमच्याने. ३० मिली ४६ टक्क्यांच्या व्हिस्कीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, पाणी घातलं की ती सुमारे ३९ टक्क्यांवर येते आणि बंद वाटणारे वास मोकळे होतात. २०१७ साली स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर हे तपासलं होतं. धुराच्या चवीचा ग्वायाकॉल हा रेणू पाणी मिसळल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो असं त्यांना दिसलं, म्हणजे नाकाच्या जवळ. स्कॉटलंडच्या बारवर पाण्याचा छोटा जग ठेवलेला असतो तो याचसाठी. "पाणी न घालता पिणारा तोच खरा" हे ऐकून ५७ टक्क्यांची व्हिस्की कोरडी पिऊ नका. जीभ बधिर होते आणि पुढचं काहीच कळत नाही.

६. बर्फ, सोडा, चखणा

बर्फाने वास दबतो, म्हणून ओळख करून घेताना नको. मे महिन्यात नागपुरात बसला असाल तर एक मोठा खडा टाका, काही बिघडत नाही. सोड्याबरोबर ब्लेंडेड फार छान लागते: एक भाग व्हिस्की, तीन भाग सोडा, भरपूर बर्फ. कोलाबरोबर प्यायची असेल तर साधी ब्लेंडेड घ्या, सिंगल माल्टचे पैसे त्यात घालू नका.

चखणा चव घेऊन झाल्यावर. मसाला शेंगदाणे, लसणाची शेव, चिवडा, कांदा-लिंबू यांनी जिभेचा ताबा घेतला की व्हिस्कीला जागा उरत नाही. बिनमिठाचे काजू किंवा बदाम, चीज, कडू चॉकलेट चालतं. शेरी पिंपाच्या व्हिस्कीबरोबर खजूर घेऊन बघाच.

७. आता पहिली बाटली

तीनपैकी कोणता ड्रॅम पुन्हा मागावासा वाटला? त्या घराण्यातली बाटली घ्या. बोर्बन पिंप आवडलं तर ग्लेनमॉरंजी. शेरी आवडली पण झेपेल की नाही अशी शंका असेल तर बाल्व्हेनी डबलवुड १२, ती दोन्ही पिंपांतून गेलेली असते. धूर आवडला तर बोमोर, मग टॅलिस्कर (४५.८ टक्के), मग आर्डबेग १० किंवा लागाव्हुलिन १६. ठरवता येत नसेल तर ब्लॅक लेबल घ्या. तिच्यात गोडवाही आहे आणि मागे धूरही, आणि ती नीट हुंगून प्यायलेले लोक फार थोडे.

पहिली बाटली ३० ते ४५ पौंडांच्या आतली असू द्या. ५० टक्क्यांच्या वरची, "कास्क स्ट्रेंग्थ" (पिंपातून पाणी न घालता भरलेली) लिहिलेली बाटली दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

८. खरेदी आणि कागदपत्रं

स्कॉटलंडमध्ये: वय १८ पूर्ण हवं, पण २५ पेक्षा लहान दिसत असाल तर पुरावा मागतात. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. दुकानात दारू सकाळी १० ते रात्री १० एवढ्याच वेळेत मिळते. किमान किमतीचा कायदा असल्याने ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली १८.२० पौंडांखाली विकताच येत नाही, त्यामुळे त्याहून स्वस्त काही शोधत फिरू नका. गाडी चालवणार असाल तर अजिबात पिऊ नका. इथली मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम. भारतात तर ती ३० आहे. डिस्टिलरी बघायला गेलात आणि चालक तुम्हीच असाल तर तसं सांगा, बऱ्याच ठिकाणी तुमच्या वाटचे ड्रॅम छोट्या बाटल्यांत भरून देतात. आयलावर तर पोर्ट एलनपासून लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग अशी तिन्ही ठिकाणं एकाच पायवाटेवर आहेत. गाडीची गरजच नाही.

महाराष्ट्रात: व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं (गोव्यात २१). वयाचा पुरावा आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. परवान्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष असतं, पण बाटली गाडीत नेताना तपासणी झाली की तोच विचारतात. एकदाच आजीवन काढून ठेवा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे नेऊ नका.

किमतीचं गणित असं की आयात मद्यावर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्याचा कर. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. काही ब्लेंडेड स्कॉच मोठ्या टाक्यांतून आणून भारतात बाटलीबंद करतात, त्या स्वस्त पडतात आणि अस्सलच असतात. सिंगल माल्ट मात्र स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. त्यामुळे "सिंगल माल्ट स्कॉच" आणि "बॉटल्ड इन इंडिया" हे दोन्ही एकाच बाटलीवर दिसलं तर ती घेऊ नका. सील, झाकण आणि उत्पादन शुल्काचं लेबल तपासा. ओळखीतून "अर्ध्या किमतीत" येणारी बाटली बहुधा पुन्हा भरलेली असते.

विमानतळावर: भारतात येताना माणशी २ लिटर मद्य शुल्कमुक्त. ७०० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे २.१ लिटर, मर्यादेबाहेर. दोन ७०० च्या किंवा दोन १ लिटरच्या घ्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी आणि पावती घरी पोचेपर्यंत फोडू नका. वाटेतल्या तपासणीत उघडी पिशवी सरळ काढून घेतात.

९. बाटली कशी ठेवायची

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. ऊन लागू देऊ नका. बंद बाटलीत व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे लग्नात मिळालेली १२ वर्षांची बाटली वीस वर्षांनीही १२ चीच. जुनं बूच तुटलं तर चहाच्या गाळण्यातून गाळून घ्या, फेकू नका.

एकदा उघडली की आतली हवा काम करू लागते, आणि बाटली जितकी रिकामी तितकं जास्त. सगळ्यात आधी धूर मवाळ होतो. माझी ती कपाटातली बाटली दीड वर्षाने पुन्हा काढली तेव्हा तिच्यातला एकच पेग कमी होता, म्हणून ती जवळपास होती तशीच राहिली होती. या वेळी फक्त २५ मिली ओतली, दोन चमचे साधं पाणी घातलं आणि दहा मिनिटं तशीच ठेवली. आयोडीन होतंच, पण त्याच्या मागे भाजलेल्या मक्याच्या कणसाचा गोडवा होता. तळाशी पाव बाटलीहून थोडी जास्त उरली तेव्हा ती १०० मिलीच्या दोन काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून ठेवली. त्यातली एक अजून शिल्लक आहे.